परवा बदलायचे

१० मार्च, रविवार

ताई,

तू माझा फोन उचलत नाहीस. काल सतरा वेळा केला, अठराव्यांदा माझी मलाच लाज वाटली. म्हणून कागद घेतला. नमस्काराची ओळ मुद्दाम गाळली आहे, ती वाचून तू म्हणाली असतीस, आला मोठा नमस्कार घालणारा.

शुक्रवारच्या चौकशीत काय झालं ते भावोजींनी तुला सांगितलं असेलच. पण भावोजी कुठलीही गोष्ट तीन वाक्यांत संपवतात आणि त्यातलं एक 'जाऊ दे' असतं. तेव्हा माझ्याकडूनही ऐक.

मी सोमवारी त्या सहा मजली इमारतीतली दोन नंबरची लिफ्ट तपासली. ब्रेकच्या आत लायनर नावाच्या पट्ट्या असतात, त्या झिजून कागदासारख्या झाल्या होत्या. मी लिफ्ट बंद केली, खाली पाटी लावली आणि वर मशीन रूममधल्या वहीत लिहिलं, 'लिफ्ट २. ब्रेक लायनर परवा बदलायचे'. परवा म्हणजे बुधवारी. मधल्या मंगळवारी भावोजी दुसऱ्या कामासाठी तिथे गेले. चौथ्या मजल्यावर कानाचा दवाखाना आहे, म्हातारी माणसं जिन्यात बसून राहतात, म्हणून इमारतीचा मॅनेजर त्यांच्या मागे लागला. भावोजींनी वही पाहिली, रिकामी लिफ्ट दोनदा खालीवर नेली आणि चालू करून दिली. बुधवारी सकाळी साडेदहाला दवाखान्याच्या रिसेप्शनवरच्या बाई चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडत होत्या. एक पाय आत, एक बाहेर. तेवढ्यात लिफ्ट आपोआप वर सरकली. त्यांचा तोल गेला आणि मागचा पाय फटीत अडकला. नडगी दोन ठिकाणी मोडली.

लोकांना वाटतं ब्रेक गेला की लिफ्ट खाली पडते. आत एकटंदुकटं माणूस असेल तर ती वर जाते, कारण दुसऱ्या टोकाचं वजन जास्त असतं. मी शाळेत होतो तेव्हा हे भावोजींनीच मला शिकवलं होतं, तुमच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

तर चौकशीच्या साहेबांनी मला विचारलं, "ही नोंद तुमची?" मी हो म्हणालो. "लायनर बदलायचे आहेत असं स्वच्छ लिहिलंय तुम्ही?" मी म्हणालो, "वहीत आहे, साहेब." यात मी खोटं काय बोललो? मग त्यांनी वही भावोजींच्या हातात दिली. भावोजी बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला शेवटचा शब्द दिसला नव्हता." बस्स, एवढंच. वाद नाही, आवाज चढवणं नाही.

त्या रात्री तू फोनवर म्हणालीस की माझ्या एका वाक्यामुळे त्यांचा परवाना जाईल. बावीस तारखेला निकाल आहे, आणि परवाना गेला तर पंचेचाळीस वर्षांच्या मेकॅनिकला कुणी दारात उभं करणार नाही, हे मलाही कळतं. मी त्याच कंपनीत इंजिनिअर आहे, काल जन्माला आलो नाही. पण वाक्य वहीतलं आहे, ताई. मी काय करू? डोळे मिटून घेऊ?

उत्तर लिही. दोन ओळींचं लिहिलंस तरी चालेल.

१४ मार्च, गुरुवार

ताई,

उत्तर आलं नाही. पत्त्यावर घराचा नंबर चुकला असेल अशी मी स्वतःची समजूत घालून घेतो आहे. ज्या घरात सहा वर्षं राहिलो, त्याचा नंबर मी चुकणार नाही हे तुला माहीत आहे आणि मलाही.

आज त्या बाईंना भेटून आलो. पायात सळई घातली आहे. मी कंपनीचा माणूस म्हटल्यावर त्यांच्या नवऱ्याने खुर्चीसुद्धा दिली नाही, मी उभ्याउभ्याच बोललो. बाई मात्र बोलक्या निघाल्या. म्हणाल्या, "मी त्या मेकॅनिकला ओळखते हो. येताना नेहमी विचारायचे, लिफ्ट त्रास देत नाही ना बाई? असा माणूस दुर्लक्ष कसं करेल?" मी त्यांच्या उशाच्या औषधांच्या बाटल्यांवरची नावं वाचत राहिलो.

मी तुला पहिल्या पत्रात जे लिहिलं ते खरं आहे, पण काही गोष्टी राहिल्या. त्या आज लिहितो.

आमच्या टोळीची एक पद्धत आहे. झालेलं काम वहीत लिहायचं आणि व्हायचं काम ऑफिसच्या फळ्यावर. ही पद्धत भावोजींनीच पाडली, मी लागलो त्याच्याही आधी. त्यामुळे वहीत काही लिहिलेलं दिसलं की मेकॅनिक ते झालेलं समजतो. मी सोमवारी व्हायचं काम वहीत लिहिलं, कारण वही समोर होती. संध्याकाळी ऑफिसला जाऊन फळ्यावर लिहीन असा विचार होता. मेन स्विचला कुलूपही लावायचं असतं. कुलूप मोटरसायकलच्या डिकीत होतं आणि मोटरसायकल सहा मजले खाली. हे चौकशीत मी सांगितलं. 'चुकलं, साहेब' म्हणालो. साहेबांनी टिपून घेतलं आणि पुढे गेले, कारण त्यांच्या मते वहीतलं वाक्य पुरेसं स्वच्छ होतं.

मी फळ्यापाशी पोचलो नाही, कारण मी ऑफिसला गेलोच नाही. चार वाजता एका मोठ्या कंपनीत माझी मुलाखत होती. तुम्हा दोघांना सांगितलं नव्हतं. भावोजींनी आमच्या मॅनेजरचे पाय धरून मला इथे चिकटवलं आणि मी तीन वर्षांत दुसरीकडे तोंड वळवलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो? मुलाखत चांगली झाली. त्यांनी कालच कळवलं, घेतो म्हणून, फक्त या चौकशीत माझ्या नावावर काही यायला नको.

आणि तो 'परवा'. हा शब्द ज्याने काढला त्याला धरून आणायला हवं. होऊन गेलेला दिवसही परवा आणि यायचा दिवसही परवा. बोलताना अडत नाही, पुढे 'गेलो होतो' आलं की मागचा, 'जाईन' आलं की पुढचा. सगळा भार क्रियापदावर. ते क्रियापद नसेल तर सोमवारी लिहिलेला परवा शनिवार असू शकतो. भावोजी त्या शनिवारी सुट्टीवर होते, तुमच्या मुलीच्या शाळेत. त्यांना वाटू शकतं की आपल्या मागे कुणीतरी लायनर बदलून टाकले.

हे मी आपलं उदाहरण म्हणून लिहिलं. क्रियापद वहीत आहेच.

१७ मार्च, रविवार

ताई,

काल दुपारी भावोजींचा फोन आला होता. तुला सांगून केला की चोरून, मला माहीत नाही. मागे गाड्यांचा आवाज होता. म्हणाले, "बारक्या, जेवलास का?" मी जेवलो म्हणालो.

मग म्हणाले, "डोळे तपासून आलो. अगदी व्यवस्थित आहेत म्हणतात. मुंगी दाखवली तरी पाय मोजाल, असं म्हणाला डॉक्टर." मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग मला तो शब्द दिसला कसा नाही? मी ती ओळ दोनदा वाचली होती रे. मला अजून डोळ्यांसमोर दिसते. लायनर परवा, आणि पुढे मोकळा कागद."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझ्या बापाचं असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले. "आधी वाचलेलं विसरायचे. मग माणसं विसरले. शेवटी मला विचारायचे, तुम्ही कोण." त्यांनी मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, तेवीस तारखेची. तुला अजून सांगितलं नाही म्हणाले. आता मी सांगितलं, तर सांगितलं.

आणि मग त्यांनी विचारलं, "बारक्या, मला एकच खरं सांग. तो शब्द होता ना तिथे?"

मी म्हणालो, "होता, भावोजी."

ते म्हणाले, "बरं. मग डॉक्टरकडे जायलाच हवं. तू नीट जेवत जा."

ताई, मी खोटं बोललो नाही. चौकशीत वही उघडली तेव्हा तो शब्द तिथे होता.

१९ मार्च, मंगळवार

ताई,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य लिहिल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. किती सफाईने लिहिलं होतं मी ते. वकील व्हायला हवं होतं.

सोमवारी मी वहीत लिहिलं होतं, 'लिफ्ट २. ब्रेक लायनर परवा'. तिथेच थांबलो. घड्याळात साडेतीन वाजले होते आणि मुलाखतीसाठी शर्ट बदलायचा होता. मला स्वतःला ठाऊक होतं ना कुठला परवा ते, मग झालं. भावोजींनी जे वाचलं ते बरोबर तेवढंच होतं. पुढे मोकळा कागद होता.

बुधवारी मी नवे लायनर पिशवीत घालून तिथे पोचलो तेव्हा अपघाताला दहा मिनिटंही झाली नव्हती. चौथ्या मजल्यावर गर्दी होती, बाई कळवळत होत्या, त्यांचा पाय अजून फटीत होता. तो सोडवायचा तर वर मशीन रूममध्ये जाऊन स्विच बंद करायचा आणि हाताने चाक फिरवून लिफ्ट वीतभर खाली घ्यायची. मी धावत वर गेलो. स्विच बंद केला. वही शेजारच्या खिळ्याला टांगलेली होती, उघडी. माझी ओळ, आणि तिच्याखाली भावोजींची मंगळवारची, 'तपासून चालू केली'. त्या दोन ओळी एकाखाली एक वाचल्या आणि काय झालं ते मला क्षणात कळलं. कोण अडकणार तेही कळलं.

पेन खिशातच होतं. आधी मी 'बदलायचे' लिहिलं. मग चाक फिरवलं.

ही दोन वाक्यं लिहायला मला आज तीन तास लागले. खालून माणसं ओरडत होती, "अहो, झालं का, लवकर करा," आणि मी अक्षर जुळवत होतो, सोमवारच्या शब्दांसारखं थोडं उजवीकडे कललेलं. माझा हात थरथरला नाही. त्या बाईंना किती सेकंद जास्त कळ सोसावी लागली ते मला माहीत नाही. कितीही असोत, ते मी स्वतःसाठी घेतले.

तेव्हा भावोजींना अडकवायचं असं काही डोक्यात नव्हतं, हे मात्र खरं. मला फक्त स्वतःची मान सोडवून घ्यायची होती. ती सोडवताना फास दुसऱ्याच्या गळ्यात जातो एवढं सव्वीस वर्षांच्या घोड्याला कळायला हवं होतं. कळलंही होतं. मला वाटलं, भावोजी भांडतील, वही खोटी आहे म्हणतील, मग बघू. ते भांडतील आणि मी नाकारीन, इतपत मी तयार होतो. ते स्वतःच्या डोळ्यांवरच संशय घेतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांना माझ्यावर संशय घेणं सुचलंच नाही, ताई. सगळ्या शक्यता तपासल्या, डोळे तपासले, आता डोकं तपासणार, पण बारक्याने शब्द घुसवला असेल ही शक्यता त्यांच्या मनाला शिवली नाही.

तुझ्या मनाला ती शिवली असणार. म्हणून तू फोन उचलत नाहीस. लहानपणी मी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही केली होती, तेव्हाही तू काहीच बोलली नव्हतीस, नुसतं माझ्याकडे बघून पुस्तक परत दिलं होतंस.

शुक्रवारी अकराला दुसरी बैठक आहे, निकालाची. मी उठून सांगेन असं आत्ता ठरवलं आहे. पण मी मला ओळखतो. शुक्रवारी सकाळी मला नवी नोकरी दिसेल, माझा स्वतःचा परवाना दिसेल, आणि जीभ टाळ्याला चिकटेल. म्हणून हे सगळं माझ्या अक्षरात, सहीनिशी तुला देतो आहे. मी बोललो नाही तर हे पत्र साहेबांपुढे ठेव. आजच पेटीत टाकतो, घरी नेलं तर फाडीन.

आणि भावोजींना सांग, डॉक्टरकडे जायची गरज नाही. तिथे मोकळा कागदच होता.

२३ मार्च, शनिवार

ताई,

काल काय झालं ते तुला भावोजींनी सांगितलं असेल, तीन वाक्यांत. माझं जरा लांबेल.

मी साडेदहालाच जाऊन बाहेरच्या बाकावर बसलो. भावोजी अकराला पाच मिनिटं असताना आले, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्याकडे बघून मान हलवली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. तू पत्र त्यांना दाखवलंस की नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. तू सोबत आली नव्हतीस. मी दाराकडे बघत राहिलो, शेवटपर्यंत.

आत साहेबांनी कागद चाळले आणि मेकॅनिकच्या परवान्याबद्दल वाचायला सुरुवात केली. "नोंद स्वच्छ असूनही..." एवढं त्यांनी वाचलं. भावोजी खाली बघत होते. तुझ्याकडचं माझं पत्र कुणी पुढे केलं नाही. मला वाटलं, आता कुणीतरी दार उघडेल. कुणी उघडलं नाही. साहेब पुढचं वाक्य वाचू लागले.

मी उभा राहिलो. आवाज फाटका निघाला. म्हणालो, "साहेब, त्या ओळीतला शेवटचा शब्द मी अपघातानंतर लिहिला." साहेबांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही, मला पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं. मग वही आणवली, भिंग आणवलं. आमचे मॅनेजर माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्याच घरात चोरी केली. साहेबांनी विचारलं, "चाक फिरवण्याआधी की नंतर?" माझ्या पत्रातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं, तरी नेमकं तेच विचारलं. मी म्हणालो, "आधी."

माझा परवाना दोन वर्षांसाठी गेला. कंपनीने दुपारीच पत्र दिलं. नव्या कंपनीला मी स्वतःच फोन करून सांगितलं, त्यांनी बरं म्हणून ठेवला. पोलिसांकडे जाईल की नाही ते अजून ठरायचं आहे. भावोजींना ताकीद मिळाली, ब्रेकचं झाकण उघडून न पाहता लिफ्ट चालू केल्याबद्दल. ती त्यांनी मान्य केली. म्हणाले, "उघडायला हवं होतं. अक्षर ओळखीचं होतं म्हणून उघडलं नाही." ताई, मला दिलेल्या शिक्षेपेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यामागे गेलो. ते जिन्याने उतरत होते, मी दोन पायऱ्या मागे. तळमजल्यावर ते थांबले. मी म्हणालो, "भावोजी, मला माफ करा." असली वाक्यं माझ्या तोंडी कधी नव्हती, अडखळलो. ते म्हणाले, "पत्र गुरुवारी मिळालं. ताईने वाचून दाखवलं."

"मग तुम्ही आत गप्प का बसलात?"

"तुम्ही बोलता का, ते बघायचं होतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "डॉक्टरची उद्याची वेळ रद्द केली," म्हणाले. "दोन आठवडे मी घरात माणसांची नावं मनात म्हणून बघत होतो. तुमच्या ताईचं, मुलीचं, तुमचं. विसरतोय का म्हणून. नोकरीचं काय, गेली असती तर गेली असती."

मी म्हणालो, "भावोजी, बारक्या म्हणा ना. शिव्या द्या हव्या तर."

"नाही जमत आता," ते म्हणाले. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात, एखादा बोल्ट बसत नाही म्हणून सांगावं तसं. "बघू पुढे. तुम्ही जेवून घ्या." आणि गेले. दुपारी त्यांना कुठल्याशा लिफ्टची तपासणी होती.

चौदाव्या वर्षापासून मी त्या माणसाच्या हाताखाली वाढलो. मशीन रूममध्ये माझं बोट चिमटलं तेव्हा ते मला गाढवा म्हणाले होते, पहिला पगार झाला तेव्हाही गाढवाच म्हणाले होते. काल मी त्यांच्यासाठी तुम्ही झालो, बाहेरच्या माणसासारखा.

तू उत्तर लिहावंस असा हट्ट आता करत नाही. पण कधी लिहिलंस तर हवं ते लिही, कितीही वाईट लिही. फक्त मला तू म्हण.